पंखाखालचा गुलाबी रंग

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र नाही, फोन नाही. तिकडे जंगलात जाऊन माणसांतून उठलास की काय? असो. भांडायला बसले नाहीये. भांडायचंही बळ उरलेलं नाही.

बाबांना आता कूस बदलायलाही मी लागते. काल डॉक्टरीणबाई नुसती मान हलवून गेल्या. पण बाबांचा जीव कशात अडकलाय ते तुला सांगायला नको. पानगळ सुरू झाली की त्यांचं एकच: आली का गं आपली पाखरं? मुठीएवढाली घुबडं ती! उन्हाळाभर तुझ्या उत्तरेच्या जंगलात, सुतारपक्ष्यांच्या जुन्या ढोलींत पिल्लं वाढवायची. थंडी लागली की खाली आपल्याकडे यायचं, दिवसभर दाट झाडीत फांदीला चिकटून झोपायचं. जन्मभर बाबांनी ती जाळ्यात धरली, पायात नंबराची कडी घातली, सोडून दिली. आई म्हणायची, पोरांच्या पायात चपला आहेत का, ते कधी बघितलं नाही या माणसानं.

टेकडीवरची ती झाडी गोदामं बांधायला तोडली, हे बाबांना ठाऊक नाही. वर्षभर अंथरुणाला खिळलेत, खिडकीतून शेजारची भिंत दिसते, तेवढंच बरं. मी मात्र त्यांच्यासमोर जाळं खांद्यावर टाकून निघते, गोदामाच्या कुंपणाला बांधते, नराच्या हाकेची टेप लावते. पहारेकरी मला वेडी समजतो. येत काहीच नाही रे. टेप आपली ओरडत राहते.

परवा त्यांचा चेहरा बघवेना. म्हटलं, सापडलं एक. तर लगेच म्हणाले, जांभळ्या दिव्याखाली पंख धरलास का? माझ्या तोंडून निघून गेलं, हो, सगळा गुलाबी. नवी पिसंच तशी चमकतात, हे मी विसरलेच. सगळा पंख गुलाबी म्हणजे यंदाचं पिल्लू! बाबा रडले, धाकट्या. म्हणाले, म्हणजे वर पोराचं जंगल शाबूत आहे. मग चार घास जेवलेसुद्धा.

तुझं जंगल उन्हाळ्यात जळालं, तू घरट्यांसाठी झाडांना टांगलेल्या लाकडी पेट्यांत एकही अंडं नव्हतं, हे मला तुझ्या साहेबांकडून कळलंय. तू का गप्प बसलास तेही कळतंय. रविवारी बाबा तुला फोन लावायला सांगणार आहेत. पिल्लं किती झाली, ते त्यांना तुझ्याच तोंडून ऐकायचंय. तुला खोटं बोलता येत नाही, माहीत आहे मला. या वेळी बोल. अगदी भरभरून सांग. फोन मी त्यांच्या कानाशी धरीन, आवाज मोठा ठेवीन. मलाही ऐकू दे.

तुझीच,
ताई