पाणमांजर की धूमकेतू

४ मार्च, सोमवार

शेवटी बोलावणं आलं. मिसेस डेलाकोर, म्हणजे आमच्या स्टुडिओच्या अध्यक्षा, म्हणाल्या, "लेनर्ड, दोन मालिका विकायला निघाल्यात. आपल्याला एकच झेपेल. जास्त मोलाची कुठली, ते तू सांगायचंस. आणि या वेळी नीट."

'या वेळी' म्हणजे गेल्या वर्षी माझ्या सांगण्यावरून घेतलेली आणि आपटलेली 'कुस्तीगीर डायनोसॉर' ही मालिका. त्यात माझी चूक नव्हती. मुलांना कुस्ती आवडत नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मालिका एक: 'निळा धूमकेतू'. अंतराळातल्या लढायांचे सिनेमे, खेळणी, चादरी, अंडरवेअर. दुसरी: 'वेंडेल पाणमांजर'. डोंगरापलीकडच्या ओहाय गावात राहणाऱ्या एका म्हातारीची हातात घालायची बाहुली. टीव्हीवर मुलांना दात घासायला शिकवते.

स्टुडिओंच्या या अख्ख्या बरबँक गावात हे काम माझ्याइतकं कुणाला जमणार नाही. मनात 'धूमकेतू' ठरलाच आहे, पण निःपक्षपाती राहायचं. उद्यापासून डोनट बंद.

६ मार्च, बुधवार

मोठा शोध लागला. या गावात आजवर जो जो मोठा सौदा झाला, त्याला आधी सगळे हसले, फार महाग घेतलं म्हणाले. पुढे तेच म्हणाले, केवढ्या स्वस्तात मिळालं! याचा अर्थ सरळ आहे. सौदा जितका महाग, तितका तो स्वस्त.

रात्री जेवताना हा सिद्धांत नोरीनला सांगितला. बायको शाळेत नर्स आहे, व्यवहारातलं तिला कळत नाही. म्हणाली, "मग आपलं घर तर फुकटच पडलं म्हणायचं." नंतर म्हणाली, "लेनर्ड, यातलं एक तरी तू पाहिलंयस का?" मी म्हटलं, डॉक्टरला प्रत्येक आजार स्वतःला व्हावा लागत नाही. यावर तिनं माझी ताटली उचलून नेली. पटलं असावं.

डोनट: एक. पण मीटिंगमध्ये होता, नाकारणं बरं दिसलं नसतं.

७ मार्च, गुरुवार

'धूमकेतू' पाहायला बसलो. पहिल्या भागाच्या मध्यावर झोप लागली. अहवालात नोंद: 'प्रेक्षकाला गाढ विश्रांती देण्याची क्षमता.'

९ मार्च, शनिवार

ओहायला गेलो. वेंडेलच्या मालकीणबाई सिग्ने हाल्वर्सन पंचाऐंशीच्या पुढच्या, पण नजर चाकूसारखी. तुलना पूर्ण हवी म्हणून गेलो एवढंच. गोड बोलून किंमत पाडून ठेवली तर उद्या उपयोगी पडेल.

मी विषय काढणार तेवढ्यात म्हणाल्या, "तू उंच आहेस रे. शिडीची भीती वाटते का?" छपराची पन्हळ पानांनी तुंबली होती. ती साफ केली. वरून मी मालकी हक्कांबद्दल बोलत होतो, त्या खालून "डावीकडे, अजून डावीकडे" म्हणत होत्या.

निघताना वेंडेल हातात घालू दिला. आत हात घालून म्हटलं, "नमस्कार, मी स्टुडिओतर्फे आलोय." बाई म्हणाल्या, "त्याला झोप आली बघ." विश्वास संपादन झाला.

१६ मार्च, शनिवार

पुन्हा ओहाय. झाडावरची संत्री उतरवली. बाईंना दातांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. गाडीत मी सौद्याचं बोललो की त्यांना ऐकू येत नाही. रेडिओ मात्र मोठा वाटतो.

नोरीनला सांगितलं, म्हातारी माझ्या मुठीत आहे. ती म्हणाली, "मुठीत कोण आहे ते तुझ्या पँटच्या मळक्या गुडघ्यांवरून दिसतंय."

१९ मार्च, मंगळवार

मिसेस डेलाकोरनी विचारलं, "कुठली मालिका घ्यायची? एक नाव सांग." मी म्हटलं, घाई केली की डायनोसॉर होतात. त्या म्हणाल्या, "लेनर्ड, अंतराळवाले थांबणार नाहीत." मी त्यांना माझा सिद्धांत समजावला. थांबलो तर किंमत चढेल, म्हणजे सौदा आपल्याला आणखी स्वस्त पडेल. त्यांनी डोळे मिटून घेतले. मोठी माणसं असाच विचार करतात.

२३ मार्च, शनिवार

ओहाय. कुंपण रंगवलं. फोन गाडीत राहिला होता. संध्याकाळी पाहिलं तर मिसेस डेलाकोरचे कितीतरी फोन. 'धूमकेतू' दुपारीच पलीकडच्या स्टुडिओनं उचलला.

एका अर्थी बरंच झालं. माझा कल पहिल्यापासून पाणमांजराकडेच होता. रात्री अहवालात जिथे जिथे 'धूमकेतू' होता तिथे 'वेंडेल' घातलं. आता एका पानावर पाणमांजर प्रकाशाच्या वेगानं शत्रूवर तुटून पडतं. चालेल.

२५ मार्च, सोमवार

सकाळच्या पेपरात बातमी. वेंडेल पाणमांजरही पलीकडच्या स्टुडिओकडे. सह्या नाताळाच्या आधीच झालेल्या, जाहीर आज केलं.

बाईंना फोन लावला. म्हटलं, मग मला का येऊ दिलंत?

"वकिलानं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं रे राजा. आणि तू आपणहून यायचास. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला हाकलून कसं देणार?" मग म्हणाल्या, "कुंपण मात्र सुरेख झालंय. कुठे एक ओघळ नाही."

मला रागावता आलं नाही. आभार मानून फोन ठेवला. आभार कशाचे, ते आठवत नाही.

मिसेस डेलाकोरना अहवाल दिला. त्यांनी वजन करून पाहिल्यासारखा हातात धरला आणि तसाच परत दिला. ओरडल्या असत्या तर उत्तर तयार होतं.

२९ मार्च, शुक्रवार

स्टुडिओच्या गेटवर माझं कार्ड चालेना. पहारेकरी हेक्टर रोज मला "काय साहेब, आज काय विकत घेताय?" म्हणतो. आज म्हणाला, "नाव सांगा, प्लीज." मी सांगितलं. त्यानं कागदावर बोट फिरवलं, माझ्याकडे न बघता म्हणाला, "यात नाही साहेब. मी काय करू?" मलाही सुचेना त्यानं काय करावं. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्यानं सगळ्यांना थोडं मागे सरायला लावलं, तेव्हा मला वळता आलं.

घरी आलो. नोरीन शाळेतून येईपर्यंत गाडीतच बसून राहिलो. तिनं काच ठोकली. मी बाजाराची परिस्थिती समजावायला लागलो. ती म्हणाली, "आत ये. जेव आधी."

ती समोर बसून राहिली, शाळेचे बूटही काढले नाहीत. सूप गार होतं. ते मी तिला सांगितलं नाही.