पैलवानाच्या पोटात काय

८ फेब्रुवारी, सोमवार

डायनोसोरच्या शीला काय म्हणायचं यावर आज सरांशी दीड तास वाद! गाईचं शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या — आणि एवढ्या अजस्र प्राण्याच्या वाट्याला स्वतःचा शब्दच नाही. मी म्हटलं, विष्ठा लिहा. सर म्हणाले, विष्ठा म्हटलं की मूल पुस्तक मिटून टाकतं. शेवटी 'शी'च ठरलं.

सर म्हणजे संग्रहालयातले माझे जुने साहेब. आता ब्याऐंशी वर्षांचे. दगड कापायला, घासायला, पातळ चकती करून काचेवर बसवायला त्यांनीच मला शिकवलं. सध्या मुलांसाठी चित्रांचं पुस्तक लिहितायत, आमच्या पैलवानावर. पैलवान म्हणजे त्यांना तरुणपणी सापडलेली, दगड झालेली शी. चांगली कोबीच्या गड्ड्याएवढी! बाहेर ठेवली आहे ती प्लास्टरची नक्कल, तिला हात लावायला मुलांची झुंबड उडते. खरा पैलवान माझ्या खोलीतल्या कपाटात असतो.

१० फेब्रुवारी

मजकूर घरी मोठ्याने वाचला. पैलवान सात कोटी वर्षं एका जागी बसून वाट बघतोय, की साफसफाईला कोणीतरी येईल! सासूबाई 'काय बाई ही घाण' म्हणत आत गेल्या. दाराआड उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. पाय दिसत होते मला.

१३ फेब्रुवारी, शनिवार

सरांना शेवटच्या पानावर पैलवानाच्या पोटाचा फोटो हवाय. म्हणजे कापायला हवा. आजवर कोणी त्याला करवत लावलेली नाही. हा मांस खाणाऱ्याचा, आत हाडं असणारच, असं सर जन्मभर सांगत आले. परिषदांमधून लोकांनी खिल्ली उडवली तरी हटले नाहीत. आज म्हणाले, "डोळे मिटायच्या आत एकदा आतलं बघायचंय. आणि काप तूच. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस."

मोठ्या बाईंनी — आमच्या संचालिकेने — परवानगी दिली.

१६ फेब्रुवारी

कापला.

पाण्याची धार सोडून, हळूहळू, अडीच तास. दोन भाग झाले तेव्हा आधी मी डोळेच मिटले. मग उघडले. काही नाही! हाडाचा कण नाही, माशाचं खवलं नाही. तीन चकत्या केल्या, सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. नुसता चिखल. वाळून दगड झालेला चिखलाचा गोळा. पैलवान शी नव्हताच कधी.

१७ फेब्रुवारी

कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या एखाद्या खऱ्या शीचा फोटो दिला तर कोणाला कळणार आहे? दिवसभर हाच विचार. मलाच माझी लाज वाटली.

१८ फेब्रुवारी

सांगितलं. सरांच्या घरी, समोर बसून, एका दमात.

चकत्यांचा डबा मी मांडीवर धरला होता. सरांनी तो उघडायलाही लावला नाही. फक्त म्हणाले, "तू कापलंस ना? मग तसंच असणार."

घरी येऊन भाजी निवडता निवडता रडले. सासूबाईंनी भाजी पुढ्यातून उचलून नेली.

१९ फेब्रुवारी

सरांच्या सुनेचा फोन. पुस्तकाची चित्रं तीच काढते. म्हणाली, बाबा कालपासून धड जेवलेले नाहीत. चित्रं थांबवू का?

थोडे दिवस थांब म्हटलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

सरांनी बोलावून घेतलं. हातात नवा मजकूर! सगळं पुस्तक उलटं केलंय. पैलवान काचेच्या पेटीत बसून ऐट मिरवतो — 'मी कोण? महाभयंकर डायनोसोरची शी!' बाकीच्या बारक्या शींना खिजगणतीत धरत नाही. मग करवतवाल्या बाई येतात (मी! नाकावर चष्मा!) आणि आत निघतो चिखल. पैलवान हमसून हमसून रडतो. शेवटी एक छोटी शी त्याला म्हणते, असू दे रे, आम्ही तुला आमच्यातलाच समजतो.

मी हसून हसून बेजार. सर गंभीरपणे विचारत होते, तिसऱ्या पानावर जरा संथ वाटतं का? सून मागे उभी राहून डोळे पुसत होती आणि हसतही होती. फार छान दिवस गेला आजचा.

३ एप्रिल, शनिवार

पुस्तक आलं! कोऱ्या कागदाचा वास. सासूबाईंनी पहिली प्रत पळवली.

१० एप्रिल, शनिवार

संग्रहालयात सरांनी पुस्तक वाचलं. साठेक मुलं, जमिनीवर, एकमेकांना चिकटून. चिखल निघाला त्या पानावर अशी काही किंचाळली की रखवालदार धावत आला! एका चिमुरडीने सरांना विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? सर म्हणाले, वाटलं, दोन दिवस. मग म्हणाले की खरं कळल्यावर निदान वाद घालणं थांबवता येतं.

मुलांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मला इतकं समाधान कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल

मोठ्या बाईंना भिंतीवर लावायला सरांचा जुना फोटो हवा होता. फाइलीत सापडला. तरुण सर, दोन्ही हातांत पैलवान, नुकताच जमिनीतून काढलेला. त्याच्या डाव्या अंगाला हातोडीचा टवका उडालेला स्वच्छ दिसतो.

मी कापला त्याला टवका नाही.

कपाट उघडलं. त्याच दिवशी, त्याच जागेवरून आणलेला दुसरा एक गोळा खालच्या खणात आहे, तेवढाच, तसाच. डाव्या अंगाला टवका. सहा वर्षांपूर्वी छत गळून खणांत पाणी शिरलं होतं, दगडांवरचे नंबर धुऊन गेले होते. पांढरा ठिपका देऊन, काळ्या शाईने, सगळे नंबर पुन्हा लिहिले होते मी. माझंच अक्षर आहे दोन्हींवर.

नंबरांची अदलाबदल मीच केली; बाहेरची नक्कलही त्यानंतरची, चुकीच्याच गोळ्यावरून.

१६ एप्रिल

सकाळीच कापला. हाडंच हाडं. करवतीची धार लागली तशी चकाकली.

फोन नाही केला. अर्धा पैलवान पिशवीत घातलाय. आधी काय सांगू — मी चुकले हे, की तुम्ही बरोबर होतात हे?

दुसरंच आधी. निघते.