हुणसेपाळ्याचा गुरुवार

जे. पी. नगर, बेंगळुरू
३ ऑगस्ट २०२५, रविवार

चि. शालूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, पण उत्तर देत नाहीस. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. मावशीची पाठ कशी आहे? तिला म्हणावं, गादी बदल, औषधं नकोत.

इकडे सगळं ठीक. आईची साखर मध्ये वाढली होती, आता आटोक्यात आहे. रोज संध्याकाळी ती एकदा तरी विचारते, "शालू कधी येणार?" मी म्हणते, येईल. काल म्हणाली, "नुसतं येईल काय म्हणतेस, बोलाव की तिला." तू सव्वा वर्ष या घरात राहिलीस. मी शेहेचाळीस वर्षं राहते आहे. मला यायला उशीर झाला तर तिने अशी चौकशी केल्याचं आठवत नाही. असो. म्हातारी माणसं.

आपल्या संस्थेच्या हेब्बाळच्या ऑफिसात तुझं टेबल कुणाला दिलेलं नाही. रविकिरण सरांनी तुझा राजीनामा अजून मंजूर केलेला नाही. लसीकरणाची पुढची फेरी सप्टेंबरात आहे, त्याच्या याद्या चालू आहेत. परवा देवनहळ्ळीला वसुमती सिस्टर भेटल्या. लसीची पेटी खांद्यावरून उतरवायच्या आधी त्यांनी विचारलं, "अक्का, तुमची तंगी कुठाय?" तू मावसबहीण, पण माझी धाकटी बहीण म्हणूनच तुला सगळे ओळखतात आता. सतरा वर्षं मी त्या तालुक्यात फिरते आहे. माझं कन्नड ऐकून लोक मला तिथलीच समजतात. तू नागपूरहून आलीस तेव्हा तुला 'स्वल्प' आणि 'सरी' एवढे दोन शब्द येत होते. तरी चौकशी तुझीच.

त्या गुरुवारचं तू किती मनाला लावून घेणार आहेस? कॅम्प फसतात. मी कितीतरी फसलेले पाहिलेत. बांधकामावरची माणसं ती, आज शेडमध्ये आहेत, उद्या नाहीत. कुणाकडून तरी निरोप राहिला असेल. एवढ्यासाठी कुणी नोकरी सोडून गावी जाऊन बसतं का? गोवर झालेली ती म्हाळसाही दवाखान्यातून घरी गेली आहे, बरी आहे.

विचार कर आणि कळव. मावशीला नमस्कार.

तुझी,
अक्का

*

जे. पी. नगर, बेंगळुरू
२४ ऑगस्ट २०२५, रविवार

प्रिय शाल्मली,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आईला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर थांबले. तू लिहिलं आहेस, "दयानंद मुकादमांनी मला नक्की फोन केला असणार, आणि मीच तो उचलला नसेन. मला आठवतसुद्धा नाही, याचीच जास्त लाज वाटते."

तुला आठवत नाही, कारण तसं झालंच नाही. फोन मला आला होता.

हे वाक्य लिहायला मला पाच दिवस लागले. आता पुढचं लिहिते. तू मध्येच कागद बाजूला ठेवलास तर मी समजू शकते, पण जमलं तर शेवटपर्यंत वाच.

मंगळवार, १० जून. संध्याकाळी साडेसहा वाजता दयानंदचा फोन आला. तूच त्याला माझा नंबर देऊन ठेवला होतास, माझा लागला नाही तर अक्कांना करा म्हणून. तू तेव्हा देवनहळ्ळीहून येणाऱ्या बसमध्ये होतीस. तो म्हणाला, "ताई, गुरुवारी स्लॅब हाय. पहाटं सहापासनं समदी मानसं साइटवर. पोरंबी संगं नेत्यात, शेडात कुनी ऱ्हानार न्हाई. शालूताईस्नी सांगा, उद्या सांजच्याला या, न्हाईतर शुक्रवारी." मी म्हटलं, "सांगते."

अर्ध्या तासाने तू आलीस. आईने तुझ्यासाठी भाकऱ्या थांबवून ठेवल्या होत्या. एक हात ताटात आणि एक यादीवर, अशी तू जेवत होतीस. म्हणालीस, "अक्का, एकसष्ट मुलं. एकाही मुलाचं नाव कुठल्या रजिस्टरमध्ये नाही. आणि सर स्वतः येतायत बघायला." आई म्हणाली, "बघ सुचेता, किती नेटाने करते पोर."

मी विसरले नाही, शाल्मली. विसरले असते तर आज सुटले असते. तू भाकरी मोडत होतीस, तो निरोप माझ्या तोंडात होता, आणि मी तुला विचारलं, "ताक हवं का?"

का, ते तुला कळायला हवं. हुणसेपाळ्याच्या रस्त्यावरून मी सहा वर्षं जात होते. शेतं गेली, लेआउट आले, कडेला पत्र्याची शेडं उभी राहिली. मी गावात जायचे, शाळेत जायचे, आशा कार्यकर्त्यांच्या बैठका घ्यायचे. शेडांसमोर एकदाही गाडी थांबवली नाही. तू त्या रस्त्याने जायला लागल्यावर तिसऱ्याच दिवशी थांबवलीस, कारण एक बाई पोराला मराठीत रागवत होती. बिदर, उदगीरकडची माणसं. मला ज्या कन्नडचा एवढा अभिमान, त्याची तिथे गरजच नव्हती. तू त्यांच्याशी घरच्यासारखी बोललीस, आणि जी मुलं मला कधी दिसलीच नव्हती ती तू महिन्याभरात मोजून आणलीस. मीटिंगमध्ये सर म्हणाले, "हे इतकी वर्षं आपल्याला कसं दिसलं नाही?" ते कुणाकडे बघून बोलले नाहीत. पण मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघतायत.

सतरा वर्षांत माझा एकही कॅम्प बघायला सर आले नव्हते.

मला वाटलं होतं, एक कॅम्प फसेल. तुझी थोडी फजिती होईल. मग तू माझ्याकडे येशील, विचारशील, अक्का, आता काय करू, आणि मी करून दाखवीन. एवढंच. मुलांचा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि पुढच्या आठवड्यात घेऊ म्हणून बाजूला ठेवला.

गुरुवारचं तुला ठाऊक आहे. रिकामी शेडं, एक आजारी म्हातारा आणि आठ मुलं. सर घड्याळ बघत होते, दयानंदचा फोन लागत नव्हता. लसीच्या फोडलेल्या बाटल्या चार तासांनी टाकून द्याव्या लागल्या. सरांनी तुला विचारलं, "मुकादमाशी बोलला होतात ना?" तू म्हणालीस, "हो सर, गुरुवार चालेल म्हणाले होते." तू माझ्याकडे पाहिलंस. मी वसुमती सिस्टरना पेटी उचलायला हात लावला.

आणखी एक आहे, आणि ते मला पहिल्यापेक्षा वाईट वाटतं. शुक्रवारी तू माझ्या टेबलाशी आलीस. "अक्का, शनिवारी परत जाऊया? सिस्टर तयार आहेत." मी म्हटलं, "आराखडा ठरलाय, पुढच्या फेरीत बघू." तेव्हा सगळं सावरता आलं असतं. पण परत गेलो असतो तर दयानंद भेटला असता, आणि तो तुझ्यासमोर म्हणाला असता, मी ताईंना सांगितलं होतं. सोमवारी ठेकेदाराने सगळ्यांना दुसऱ्या साइटवर हलवलं. चौथ्या आठवड्यात तिथे गोवर आला.

म्हाळसा बरी आहे असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते मी तिला न बघता लिहिलं होतं. तुझं पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी गेले. नवी साइट विमानतळाच्या रस्त्याला आहे, दयानंदनेच पत्ता दिला. फोनवर तो एवढंच बोलला, "ताई, तुमी त्यास्नी सांगितलं न्हवतं व्हय?" मी म्हटलं, "नाही." मग त्याने रस्ता सांगितला.

म्हाळसाचा ताप गेला, छाती मोकळी झाली, पण उजव्या डोळ्यावर पांढरा डाग आला आहे. त्या डोळ्याने तिला दिसत नाही. चार वर्षांची मुलगी. माझ्याकडे बघताना मान वळवून, डावा डोळा पुढे करून बघत होती. गुरुवारी दयानंदने तिच्या आईची समजूत घातली, तेव्हा मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. थोडी मोठी झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करता येईल म्हणाले. खात्री दिली नाही.

तिची आई बाहेर कपडे धूत होती. मला बघून पहिलं वाक्य, "शालूताई कवा येनार?"

आणि शाल्मली, त्या मुलीचा तो डोळा समोर असताना, तेव्हाही माझ्या आत काहीतरी कडवट वर आलं. हिलाही तीच हवी. हे तुला सांगते आहे, कारण नाही सांगितलं तर मी पुन्हा एकदा चांगली दिसेन.

मी तिला म्हटलं, "त्या गुरुवारी शालूताईची चूक नव्हती. मुकादमाने मला सांगितलं होतं. मी तिला कळवलं नाही."

"इसरलाव?"

"नाही. मुद्दाम."

तिने हातातला कपडा पिळला, दोरीवर टाकला. मग म्हाळसाला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "माझ्या पोरीनं तुमचं काय केलं व्हतं?"

ती आत गेली आणि दार म्हणून लावलेला पत्रा तिने ओढून घेतला.

काल मी रविकिरण सरांना सगळं लिहून दिलं, तारीखवार. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "सुचेता, ही चूक नाही." मी म्हटलं, "नाही सर." माझ्याकडून देवनहळ्ळी काढून घेतली आहे, चौकशी होईल, पुढे काय ते कळेल. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडेही माझं निवेदन गेलं आहे. तुझ्या नावावरचा ठपका खोडला जाईल. तसं सर तुला स्वतः लिहिणार आहेत. उरलेल्या मुलांना शुक्रवारी लस दिली. वसुमती सिस्टर एकट्या गेल्या होत्या. मी त्यांना आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं; मला त्यांनी गाडीत घेतलं नाही.

आईलाही सांगितलं. सकाळी मी चहा नेऊन दिला, तो तिने घेतला नाही, उठून स्वतःचा करून घेतला.

तू परत ये असं म्हणायचा अधिकार मला नाही. एवढंच म्हणते की हे काम माझ्यामुळे सोडू नकोस. नागपूरच्या आसपासही शेडं असतील, आणि त्यांच्यासमोर गाडी थांबवणारी माणसं कमी असतात. माझ्या डोळ्यांसमोरून सहा वर्षं ती गेली, हे मी तुला लिहिलंच आहे.

क्षमा मागत नाही. मागितली की ती देण्याचं ओझं तुझ्यावर येईल, आणि तू भिडस्त आहेस, देऊन टाकशील. देऊ नकोस. निदान इतक्यात नको. हे पत्र मावशीला वाचायला दे, तिने तुला दोष दिला असेल तर तो मागे घेऊ दे.

मत्सर गेला असं मी लिहिणार नाही. तो अजून आहे. मात्र त्याला आता मी नावाने ओळखते, आणि तूही ओळखतेस.

सुचेता