सीटवरची आठ अक्षरं

२ मार्च, सोमवार. सकाळी ९.
चार दिवसांचं काम. फार तर पाच.
दादाच्या जुन्या मोटारसायकलच्या सीटवर, मागच्या कडेला, कंपनीचं नाव आहे. आठ इंग्रजी अक्षरं, पांढरी. पाच उडालीत, तीन पुसट दिसतात. ती पूर्वीसारखी करायची, बस्स.
काल वहिनीचा फोन. पुतणी बावीसला येतेय, बाबांची गाडी तिला हवीय, तर भावजी, देता ना? म्हटलं, देतो की, सीटचं तेवढं बाकी आहे. वहिनी म्हणाली, दोन वर्षं तेवढंच बाकी आहे.
घाईच्या माणसांना कारागिरी कळत नाही. सर्व्हे ऑफिसात तीस वर्षं नकाशांवर गावांची नावं मी हाताने लिहिली. आठ अक्षरं म्हणजे डाव्या हातचा मळ. म्हणून तर दादाने गाडी माझ्याकडे आणून लावली होती. तुझं अक्षर चांगलं आहे, तेवढं नाव लिहून दे, म्हणाला होता.
दादा जाऊन सात महिने झाले.

३ मार्च. दुपारी.
सीट थिनरने पुसली. घाण गेली. उरलेली तीन अक्षरंही गेली.
एका अर्थी बरंच झालं. आता पाटी कोरी.
शेडमध्ये मागे कोणीतरी खाकरलं. बोलायच्या आधी दादा खाकरायचा, तस्सं. वळून पाहिलं, कोणी नाही. थिनरच्या वासाने भास होतात. मास्क आणायचा.

५ मार्च.
मूळ अक्षरांचं वळण बघायला जुने फोटो काढले. गाडीचे अकरा फोटो. अकराही समोरून. सीटची मागची बाजू एकातही नाही. प्रत्येकात दादा हसतोय. चौथ्या फोटोत माझ्याकडे बघून.
अल्बम कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप लावलं. धूळ बसू नये म्हणून.
वळण मला पाठ आहे.

८ मार्च, रविवार.
कार्डबोर्डचं स्टेन्सिल कापलं. सात अक्षरं छान बसली. आठवं सीटच्या वळणावरून खाली घसरतंय. कंपनीनेही असंच केलं असणार.
ऑइल पेंट मारला. चार फुटांवरून अप्रतिम. दोन फुटांवरून हाताने केल्यासारखं वाटतं, आणि तीच तर गंमत.
हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, आठवं अक्षर खाली का उतरलंय? दूध गॅसवर आहे, म्हणाली आणि गेली.
काम संपलं. बावीसला चौदा दिवस आहेत. उगीच घाई केली.

९ मार्च. दुपारी ४.
अक्षरांना तडे गेलेत. सगळ्यांना.
आणि सीटला खळगा. कोणी बसून उठावं तसा, मागच्या बाजूला. हात लावला तर गरम.
ऊन पडलं असेल. शेडची खिडकी उत्तरेला आहे. उत्तरेकडूनही थोडंफार येत असावं.

१२ मार्च.
हिच्या हट्टापायी पेंटरला बोलावलं. त्याने पाहिलं, विचारलं, हे कोणी केलं? म्हटलं, आधीच्या एकाने. तो म्हणाला, साहेब, ऑइल पेंट कडक होतो आणि रेक्झिन वाकतं, तडे जाणारच. वाकणारा रंग मिळतो, तो घ्या. आणि दोन दिवस सीटवर कोणाला बसू देऊ नका. मीच करून देतो, तासाचं काम आहे.
तासाचं! त्याची ब्रश धरायची पद्धतच मला आवडली नाही. चहा पाजून वाटेला लावलं. रंगाचं नाव मात्र लिहून घेतलं.

१५ मार्च, रविवार.
नव्या रंगाने पुन्हा. आठवं अक्षर या वेळी वर चढलं. म्हणजे सरासरीने बरोबर.
गाडीभोवती दोरी बांधली. पाटी लावली: सीटवर बसू नये. ही म्हणाली, घरात आपण दोघंच, पाटी कोणासाठी? म्हटलं, असू दे.
पाटीवरचं अक्षर सुरेख आलंय.

१७ मार्च. दुपारी ३.
दोरी जागेवर. पाटी जागेवर. अक्षरं फिसकटलेली. खळगा तिथेच, मागच्या बाजूला. दादा मागे कधीच बसायचा नाही. तरीही.
मोठ्याने म्हणालो, दादा, आता पुरे कर.
पुन्हा कोणी खाकरलं. मास्क लावलेला होता.

१८ मार्च.
हिला सगळं सांगितलं. खळगा, खाकरणं, गरम सीट. वाटलं, घाबरेल. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, अहो, तुम्हीच बसता.
म्हटलं, काहीतरीच काय!
ही म्हणाली, जेवण झालं की रोज शेडमध्ये जाता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं मला. सीटवर मागे बसता, पुढची जागा सोडून. तासभर. खाकरता. बोलता.
काय बोलतो, विचारलं. म्हणाली, येतो, येतो, एवढंच ऐकू येतं.
मग आत गेली आणि माझी राखाडी पँट घेऊन आली. बुडावर पांढरी अक्षरं. उलटी. चार तर स्पष्ट वाचता येत होती.
मी बसत नाही. काम तपासायला टेकतो.

१९ मार्च.
झोपलो नाही नीट. एकदा लिहून टाकतो, इथे वाचणारं कोण आहे.
दादा आजारी पडला तेव्हा गाडी चालू होती. दर रविवारी त्याचा फोन यायचा. सीट झाली का रे? मी म्हणायचो, होतच आली. एकदा म्हणाला, नावाचं राहू दे, अशीच घेऊन ये, नुसता बसतो जरा. म्हटलं, अर्धवट काम मी दाखवत नाही. तो म्हणाला, बरं.
वीस मिनिटांचा रस्ता आहे.
असे नऊ रविवार. दहाव्या रविवारी फोन आला तो वहिनीचा.
अक्षरांचं काही नव्हतं. आधी एकदा भेटायला गेलो तेव्हा त्याचे हात पाहिले होते. काटक्या झाल्या होत्या. पुन्हा बघवले नसते. तसं तेव्हा सर्दीही होती मला.

२१ मार्च.
सगळा रंग खरवडून काढला. सीट काळीभोर, कोरी. भारदस्त दिसते. साधेपणा हाच हल्ली चांगला समजतात.
वहिनीला काय सांगायचं त्याचे चार मुद्दे काढले. रेक्झिनची जात, हवेतला ओलावा, रंगाची प्रत, पेंटर.

२२ मार्च, रविवार. संध्याकाळ.
वहिनी आणि पुतणी दहाला आल्या. मी पहिला मुद्दा काढला. पुतणी म्हणाली, काका, किल्ली? तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. वहिनी मागे बसली. सीटकडे दोघींपैकी कोणी बघितलंसुद्धा नाही. फाटकातून वळल्या, गेल्या.
चारही मुद्दे माझ्याकडेच राहिले.
वीस मिनिटांनी फोन. काका, गाडी बंद पडली, टाकीत पेट्रोल नाही.
सीटच्या नादात टाकी उघडून पाहिलीच नव्हती. बाटली भरून घेतली, रिक्षाने गेलो. बंद दुकानापुढे गाडी उभी. पुतणी पेट्रोल ओतत होती, मी आणि वहिनी फुटपाथवर. काहीतरी बोलायला हवं होतं.
वहिनीच म्हणाली, भावजी, एक विचारू का? रविवारी तुमच्याशी बोलून झालं की हे संध्याकाळपर्यंत खुशीत असायचे. मी स्वयंपाकघरात असायचे, मला ऐकू यायचं नाही. काय बोलायचात हो एवढं?
म्हटलं, सीटबद्दल.
वहिनी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, आणखी?
म्हटलं, आणखी काही नाही.