माळ घातलेल्या मशीनचा फोटो

सोमवार, संध्याकाळ

१. दसऱ्याला, मी चालवते त्या मॅमोग्राफीच्या मशीनची पूजा केली. फोटो मी काढला.
२. हॉस्पिटलचं पेज सांभाळणाऱ्या स्वप्निलने तो तिथे टाकला.
३. फोटोत मागची स्क्रीन चालू होती. तिच्यावर आमच्या पेशंट सुनंदाताईंचं नाव आणि त्यांच्या छातीची प्रतिमा.
४. फोटो त्यांच्या वाकोल्याच्या चाळीच्या ग्रुपवर फिरला.

फोटोत कुणी पेशंट नाही, एवढंच मी तपासलं. झेंडूची माळ स्क्रीनवर येत होती. ती मीच सरकवली, नीट दिसावं म्हणून.

स्वप्निल म्हणतो, "डिलीट केला ना यार! आता माझी पूजा घालतेस का?"

दुपारी ताईंना फोन केला. "आता आणखी काय दाखवायचं राहिलंय गं पोरी?" म्हणाल्या आणि फोन ठेवला. ठरलेल्या बायोप्सीला त्या आता येणार नाहीत, हे कळलंच. पण गाठ तर आहेच ना? नोकरी गेली तर जाऊ दे. ती माळ का सरकवली मी?

आत्ता त्यांना मेसेज पाठवला, तोच इथे उतरवते:

ताई, चूक माझी आहे. डॉक्टरांना तसं लेखी दिलंय. आमच्याकडे यायचं नसेल तर दुसऱ्या हॉस्पिटलची वेळ घेऊन देते, रिपोर्ट तुमच्याच हातात देते. पण बायोप्सी टाळू नका. शुक्रवारपर्यंत फक्त हो की नाही, एवढं कळवा.