रुमाल जरा आधीच निघाला

डोंबिवली,
रविवार, दुपारचा चहा (स्वतः केलेला)

चि. साईनाथ यास,

पोटभर आशीर्वाद. इकडे मी आणि गॅलरीतली तुळस खुशाल आहोत. बाळकुमला तुम्हा उभयतांची प्रकृती कशी आहे? रसिकाची पाठ? आणि तुमच्याकडे राहायला आलेल्या तुझ्या ताईचा डोळा? (थेंब घालताना तिला छताकडे बघायला सांगावं लागतं, नाहीतर ती घालणाऱ्याकडेच रोखून बघते.)

विमलने तुला काय सांगितलंय ठाऊक नाही, म्हणून माझी बाजू लिहितो. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आमचं ठरलं होतं, की तो नवा सिनेमा, ज्यात नवरा आजारी बायकोला फसवतो आणि मग मनातल्या मनात झुरत बसतो, तो डोळा बरा झाल्यावर दोघांनी मिळूनच बघायचा. लग्न झाल्यापासून एकेकट्याने आम्ही सिनेमा पाहिलेला नव्हता. पण कट्ट्यावरची मंडळी त्याच सिनेमाला ठाण्याला निघालेली, एक जण आयत्या वेळी गळलेला, आणि माझा पाय घसरला. विमलला सांगितलं, शाळेतल्या कविता म्हणायला जमतोय. परत आलो तर डोळ्यावरची पट्टी सावरत म्हणाली, "काय म्हटलंत मग?" मी सहावीतली नदीची कविता चालीवर म्हणून दाखवली, सगळी कडवी. (आमच्या वर्गाच्या खिडकीतून चिंच दिसायची, तिची पानंसुद्धा त्या चालीवर हलायची. हल्ली कवितेला चाल असते हेच कुणाला माहीत नाही. असो.) ती म्हणाली, "आज आवाज किती भरून आलाय हो!" साईनाथ, सिनेमातल्या त्या नवऱ्यालाही खोटं इतकं सुरेल जमलं नव्हतं.

पुढे डोळा सुधारला आणि आम्ही जोडीने गेलो. पहिल्यांदाच बघतोय असा चेहरा मी ठेवला. योग्य जागी दचकलोही. पण त्यातली बायको, सगळं कळूनसुद्धा, नवऱ्याच्या डब्यात त्याची आवडती चटणी भरते, तो प्रसंग जवळ आला आणि मला राहवेना. रुमाल काढून डोळे टिपले, आणि (सवयीने) दुसरा तिच्या हातात दिला. पडद्यावर तेव्हा बारसं चाललेलं, अख्खं थेटर हसत होतं.

"अहो," विमल हळूच म्हणाली, "अजून काही झालंच नाहीये."

मग चटणी आली. तिने रुमाल माझ्या मांडीवर परत ठेवला. घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलली, "मी पट्टी बांधून अंधारात बसलेले, आणि तुम्ही मला नदी ऐकवलीत." दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तुझ्याकडे. जाताना माझ्यासाठी लसणाची चटणी करून ठेवून गेली. ती बरणी उघडायचा धीर मला अजून झालेला नाही.

बाकी इथे सगळं शांत आहे. संध्याकाळी कविता म्हणतो. "पुन्हा म्हणा" असं कुणी म्हणत नाही.

तुझा,
बाबुराव भावजी

ता. क. पत्र खुशालीसाठी नाही, हे तू ओळखलं असशीलच. बारीक अक्षर वाचायला तिला अजून मनाई आहे, तेव्हा मोठ्याने वाचून दाखव आणि परत येतेस का, विचार. तोच सिनेमा तिने तिसऱ्यांदा बघायला लावलान तरी माझी तयारी आहे.

ता. क. २. वाचताना तिच्याकडे लक्ष ठेव. चटणीपाशी पोचायच्या आधीच तिने पदर डोळ्याला लावला, तर समज, पत्र तिने चोरून आधीच वाचलंय. मग काही विचारू नकोस. आमची फिटंफाट झाली. तिची पिशवी तेवढी रिक्षात ठेव.