तिसऱ्या प्लगची वायर

८ नोव्हें., शनि.
गाडी आजही मिसिंग, इंजिनाचे ठोके चुकतात. चौलमधून निघताना ठीक, रोह्याच्या अलीकडच्या चढाला लागली की गचके. मागे नारळ भरलेले, त्यामागे एसटी, एसटीवाल्याचा हॉर्न. कशीबशी माणगावला पोचले. व्यापारी म्हणतो, "ताई, आज पण उशीर केलात." गाडी सगळ्यांची, उशीर तेवढा माझा.
घरी सासूबाई ओटीवरच. "माझ्या पोराची सोन्यासारखी गाडी. दोन वर्सात वाट लावलीस." हे जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरचा नारळ बाजारात कोण नेतंय, ते कुणी विचारत नाही.

११, मंगळ.
रेवदंड्याला नझीरकडे. ह्यांच्या वेळेपासूनचा मेकॅनिक. चारही प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टरही. "आता बघा भाभी, मख्खन!" मख्खन साळावच्या पुलापर्यंत टिकलं.

१३, गुरु.
एक ध्यानात आलंय. पहाटे दव असलं की जास्त. दुपारी उन्हात परतताना जवळजवळ नाहीच. रिकामी असते म्हणून? की दमटपणा?
नझीर फोनवर म्हणे, पेट्रोलमध्ये पाणी असेल. टाकी रिकामी करून पाहिली. पाणी नाही. हाताला वास तेवढा राहिला. जेवायला बसले तर सासूबाई आपलं ताट उचलून आत गेल्या. जाऊ देत.

१६, रवि.
भाऊजी आले पनवेलहून, माझे धाकटे दीर. ठरवूनच आले. "वैनी, गाडी मी नेतो. तिकडं ड्रायव्हर ठेवतो. तुमी वाडी बघा." गाडी सासूबाईंच्या नावावर. त्यांनी मान हलवली की संपलं, आणि त्या हलवणारच. बाईच्या हाताला इंजिन लागत नाही, हेही माय-लेकांचं म्हणून झालं. पुढच्या रविवारी चावी न्यायला येणार.
गाडी गेली की मी ह्या घरात सुपाऱ्या सोलत बसायची. पहाटे स्टिअरिंगवर बसते तेवढा वेळच मी कुणाची सून नसते, विधवा नसते. तेवढंही माय-लेकांना बघवत नाही.

१८, मंगळ.
सापडलं!!
दव असतानाच नझीरच्या दारात उभी केली. इंजिन चालू ठेवून त्याने प्लगच्या वायरी एकेक काढल्या. पहिली काढली, आवाज पडला. दुसरी, पडला. तिसरी काढली तर काही फरकच नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीच मेलेला. मी म्हटलं, तिसऱ्याची वायर पहिल्याला लाव, पहिल्याची तिसऱ्याला. लावली. आता तिसरा चालू, पहिला मेला. दोष वायरीतच.
हातात घेतली तर रबर फुगलेलं, मऊ, बोटांना चिकटणारं. करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर पळत होता, दमट हवेत जास्तच. नझीरने वास घेतला. "भाभी, इसपे तेल किसने डाला? रबर खा गया."
मीही घेतला. खोबरेल. आमच्याच घरचं.
चारही वायरी नव्या टाकल्या. चढावर एक गचका नाही. जुन्या पिशवीत घालून आणल्यात.

२०, गुरु. अमावास्या.
अमावास्येला आमच्याकडे लोखंडाला तेल लावतात. खारी हवा सगळं खाते, म्हणून कड्या, कुलपं, कोयते, विहिरीचा रहाट, सगळ्यावरून हात फिरतो. तो मान सासूबाईंचा. आज मुद्दाम माडाआड उभी राहिले.
बॉनेट उघडं. हातात वाटी. लोखंड झालं, मग वायरी. एकेका वायरीवरून बोटं फिरवत होत्या, हळूहळू, ह्यांच्या डोक्याला लावायच्या तसं. शेवटच्या तापातसुद्धा त्या उशाशी बसून अशाच...
ओरडणार होते. नाही ओरडले. त्या आत गेल्यावर नव्या वायरी फडक्याने पुसून काढल्या. राग येत होता आणि रडूही. कुणावर काढू?

२३, रवि.
भाऊजींनी गाडी पुलापर्यंत फिरवून आणली. "गाडीत काय न्हाय हो! दोष चालवनाऱ्याचा." दुरुस्त मी करायची, प्रमाणपत्र भाऊजींनी द्यायचं. मग मात्र राहवलं नाही. पिशवी आणून जुन्या वायरी समोर टाकल्या. सगळं सांगितलं. खोबरेल, अमावास्या, रबर.
सासूबाई म्हणाल्या, "मी कशाला गाडीला हात लावू? मला काय कळतंय त्यातलं?"
भाऊजी माझ्याकडे वळले. "आई या वयात खोटं बोलंल, वैनी?"
मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्या घाबरल्या होत्या. वायरींकडे बघवत नव्हतं त्यांना. मला दया यायला हवी होती बहुतेक. नाही आली.
चावी दिली नाही. पुढचा रविवार शेवटचा, असं बजावून भाऊजी गेले.

२५, मंगळ.
पहाटे गाडी काढते तर सासूबाई डोक्यावर पदर घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "मानगावला जातेस ना? चल." हे गेल्यापासून पहिल्यांदा. मी गिअर टाकला.
दव भरपूर. नारळ भरलेले. चढ आला, गेला, गाडी एकदाही अडखळली नाही. वर पोचल्यावर बोलल्या, समोर बघत. "त्याच्या हाती पन हितं अशीच गचके खायाची. तवा बी मीच तेल लावत व्हते गो. तो आपला नझीरला शिव्या द्यायचा."
आठवतंय. घरी येऊन शिव्या द्यायचे, आणि ह्याच बाई त्यांच्या पुढ्यात पाणी ठेवून म्हणायच्या, दुसरा मेकॅनिक बघ रे.
थोड्या वेळाने मी विचारलं, "आई, हे रविवारी भाऊजींसमोर सांगाल?"
खिडकीबाहेर बघत राहिल्या. माणगावला नारळ उतरवले, चहा घेतला, त्यांनीही घेतला. घर आलं. उतरल्या आणि गाडीचं दार धाडकन लावून आत गेल्या.